पांढऱ्या फडक्यावरची चमक

"ओ भाऊ, आमचा जॅक कुठी हाय?"

विचारणाऱ्याला समोर फक्त दोन पाय दिसत होते. बाकीचा माणूस वॉटर स्कूटरच्या पोटात होता. सीट काढून बाजूला ठेवलेली, यंत्र ट्रॉलीवर चढवलेलं, आणि त्याच्या आत कंबरेपर्यंत कुणीतरी उलटं लटकून पान्याशी झगडत होतं.

"ट्रॉलीच्या मागच्या चाकाखाली आहे," आतून घुमणारा आवाज आला. "आणि मी भाऊ नाही."

पाय जमिनीला टेकले. मग निळी डांगरी बाहेर आली, मग एक वेणी, आणि शेवटी कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत ऑइलचा काळा पट्टा ओढलेला एक चेहरा. डोळे मात्र स्वच्छ होते, आणि त्यात थोडा राग होता.

"माय वं!" असं म्हणून तो तरुण एक पाऊल मागे सरला. तिथे पाण्याने भरलेली बादली होती. पाऊल बादलीत गेलं.

रेवतीला हसू आवरेना. पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाला हसू नये, हे घरचं वळण होतं. पण तो बादलीत पाय ठेवूनच इतक्या गंभीरपणे उभा होता, जणू तो तिथेच ठेवायचा होता.

"मी हर्षल. धामणगाव बढ्याचा. ट्रॅक्टर दुरुस्त करतो," तो म्हणाला. "म्हणजे, कोरड्या जागी असलो की करतो."

रेवती तेव्हा नुकतीच धरणावरच्या बोट क्लबात लागली होती. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा झालेली, बुलढाण्याच्या एका निवृत्त शिक्षकाची मुलगी. वडील शरच्चंद्र हे सौम्य माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नव्हता, फक्त चष्मा पुसत म्हटलं होतं, "सहा महिने करून बघ. जमलं नाही, तर परत ये आणि बी.एड. कर." त्या सहा महिन्यांतला पहिलाच महिना चालू होता.

क्लबचे मालक शालिग्रामभाऊ हे मोठे शेतकरी. धरणात जमीन गेली, तर धरणावरच काहीतरी उभं करू, अशा जिद्दीने त्यांनी पॅडलच्या बोटी आणल्या, आणि मग ही लाल रंगाची वॉटर स्कूटर. ती त्यांना पोटच्या पोरासारखी होती. खरं तर त्यांना तिच्यासाठी हर्षलच हवा होता. पण कंपनीची अट होती, की शिकलेला माणूस ठेवा. म्हणून रेवती आली, आणि हर्षलकडे जनरेटर आणि पॅडल बोटींच्या साखळ्या राहिल्या. मंगळवार आणि शुक्रवार, हे त्याचे वार.

त्या वारांना रेवतीची वेणी जरा नीट घातलेली असे. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. धक्क्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या झुंबरबाईच्या मात्र पहिल्याच आठवड्यात आलं होतं.

"तुम्ही पुस्तक वाचून इंजिन खोलता?" एकदा हर्षलने विचारलं. ती मांडीवर जाडजूड माहितीपुस्तक घेऊन बसली होती.

"मग तुम्ही काय वाचून खोलता?"

"आवाज. ट्रॅक्टर आपलं दुखणं सोताच सांगते."

"मग हिचं ऐका बघू. काय सांगते?"

त्याने इंजिनाला कान लावला. डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

"समजून नाई राह्यलं," तो म्हणाला. "इंग्रजीत बोलते वाटते."

ती हसली, आणि तो कानापर्यंत लाल झाला. मग तिने विचारलं की धरणावर काम करता, पण तुम्ही धक्क्याच्या तिसऱ्या फळीपुढे कधी जात नाही, ते का? पोहता येत नाही?

"मी विहिरीवरच्या मोटारी बी दुरुस्त करतो," तो म्हणाला. "म्हून काय विहिरीत राहू?"

सुरुवातीला तो तिला मॅडम म्हणायचा. ते तिने बंद करवलं. ताई म्हणायला त्याची जीभ रेटेना, आणि नुसतं रेवती म्हणायचं धाडस होईना. मग त्याने "ऐका नं…" यावर काम भागवायला सुरुवात केली.

"अशी हाक त मी आमच्या घरच्याले मारते बाप्पा," झुंबरबाईने उकळत्या चहात आलं ठेचून टाकत म्हटलं. त्या दिवशी दोघांनीही चहा अर्धाच पिऊन ठेवला.

वॉटर स्कूटरच्या ऑइल फिल्टरचं झाकण फार खोल होतं. तिथे पोहोचताना रेवतीच्या बोटांची सालं निघत. कंपनीचा पाना मोठ्या, रुंद पंजाच्या माणसासाठी बनवलेला. ती कधी कुरकुरली नाही. हर्षल मात्र तिच्या सोललेल्या बोटांकडे बघायचा, आणि तिने वर पाहिलं की आभाळाकडे बघायचा.

भाद्रपद लागला. धरण तुडुंब भरलं. अनंत चतुर्दशीला आजूबाजूच्या गावांचे गणपती इथेच येत, आणि गर्दीत कुणी पाण्यात ओढलं गेलं तर बचावासाठी आपली वॉटर स्कूटर तयार राहील, असा शब्द शालिग्रामभाऊंनी तहसीलात देऊन ठेवला होता. रेवतीने शनिवारी नवीन ऑइल भरलं, रविवारी दोन तास यंत्र पाण्यावर फिरवलं. सोमवारी सकाळी तिने सवयीने ऑइलची पातळी बघायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढली, पांढऱ्या फडक्याने पुसली, आणि फडकं उन्हात धरलं.

फडकं चमकलं.

तिला वाटलं, पाण्याचा थेंब असेल. फडकं तिरपं केलं. चमक जागेवरच राहिली — बारीक, सोनेरी, सुईच्या टोकाएवढी. एक नाही. पाच… सात… तिने मोजणं सोडलं.

इंजिनच्या ऑइलमध्ये धातू, याचा अर्थ इंजिन आतून स्वतःला खात आहे. हे वाक्य तिने परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर गुण मिळवले होते. पण वाक्य लिहिताना हात असे गार पडले नव्हते.

तिने पंप लावला. या यंत्राला खालून बोल्ट काढून ऑइल सोडायची सोय नसते, डिपस्टिकच्याच नळीतून ते वर ओढावं लागतं. काचेच्या बरणीत ऑइल उतरत गेलं. बरणी उंच धरून तिने हलवली. मधाच्या रंगाच्या ऑइलमध्ये सोनेरी ठिणग्या गिरक्या घेत खाली बसू लागल्या. एखाद्या लहान मुलीने टाळ्या वाजवल्या असत्या, इतकं ते सुंदर होतं.

कंपनीच्या माणसाला तिने फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन आला.

"बेअरिंग गेलंय. वरचा थर झिजला की खालचा असा रंग दिसायला लागतो. इंजिन पूर्ण उतरवायचं. विसर्जन वगैरे विसरा."

हे सगळं शालिग्रामभाऊंनी मागे उभं राहून ऐकलं. ते खुर्चीत बसले नाहीत, खुर्चीने त्यांना धरलं म्हणायला हवं.

"सहा दिवस राह्यले," ते पुटपुटले. "सहा! मॅडम, तुम्ही शिकलेल्या, मी काई म्हणत नाई. पर शनिवारी ऑइल तुम्हीच भरलं नं? वहीत सही तुमचीच हाय नं? मी पह्यलेच म्हणत होतो, आपला हर्षलच बरा. आता तुम्ही हात नका लावू. त्याले बलावतो. तुम्ही… तुम्ही घरी फोन करून घ्या."

घरी फोन म्हणजे बी.एड. रेवतीच्या डोळ्यांपुढे वडिलांचा चष्मा पुसणारा हात आला. ते रागावणार नव्हते. तेच जास्त वाईट होतं.

"संध्याकाळपर्यंत थांबा, भाऊ," ती म्हणाली. "इंजिन उतरवायच्या आधी मला एवढं बघू द्या, की हा धातू आला कुठून."

भाऊंनी मान हलवली. ती होकाराची होती की हताशपणाची, ते तिने विचारलं नाही.

शेडचं दार लोटून ती कामाला लागली. आधी लोहचुंबक. त्याला कागद गुंडाळून तिने तो बरणीच्या तळाशी फिरवला. एकही कण हलला नाही. म्हणजे पोलाद नाही. गिअर, साखळी, शाफ्ट सुटले. तिने सुटकेचा श्वास घेतला आणि अर्धाच सोडला, कारण बेअरिंगलाही चुंबक लागत नाही.

मग फिल्टर. सोललेल्या बोटांनी तो बाहेर काढला, ब्लेडने कापला, आणि घड्यांचा कागद एखाद्या पोथीसारखा उलगडून वर्तमानपत्रावर पसरला. ज्या बाजूने ऑइल आत येतं, ती बाजू सोनेरी झाली होती. ज्या बाजूने गाळून इंजिनकडे जातं, ती कोरी. निदान फिल्टरने आपलं काम चोख केलं होतं.

तिने पिशवीतून भिंग काढलं. वडील त्यातून वर्तमानपत्र वाचत, आणि ती ते न विचारता घेऊन आली होती. एक कण तिने पांढऱ्या कागदावर घेतला, आणि वाकून पाहिलं.

ती सरळ झाली. पुन्हा वाकली.

बेअरिंग झिजतं तेव्हा दोन भाग एकमेकांवर रगडतात. त्यातून निघणारा कण चपटा असतो, पापुद्र्यासारखा, चिरडलेला. हे कण चिरडलेले नव्हते. ते वाकडे होते, नखाच्या कोरीसारखे. कडा धारदार. टोकाला हलकीशी वळी. कशाच्याही खाली न सापडलेले, मजेत असलेले कण. हे झिजलेले नव्हतेच. हे कुणीतरी *कापले* होते.

कानशीने घासल्यावर पडतो तसा कीस. पितळाचा.

रेवती उठून उभी राहिली. इंजिनात पितळ घासणारी कानस नसते. म्हणजे हे बाहेरून आलं. शनिवारच्या डब्यात थोडं ऑइल उरलं होतं. तिने ते सगळं फडक्यावर ओतलं. फडकं पिवळसर झालं, पण चमकलं नाही. नरसाळं पुसलं, तेही स्वच्छ. उरलं एक लिटरचं माप. हर्षलनेच आणून दिलेलं, दुधाचं, ॲल्युमिनियमचं, लांब दांडीचं. त्याच्या कारखान्यात सगळ्या ट्रॅक्टरांचं ऑइल असल्याच मापाने मोजत. तिने ते तिरपं करून आत बोट फिरवलं. तळाच्या सांध्यातून बोट वर आलं ते सोनेरी होऊन.

माप कुठे असतं? कामाच्या बाकाच्या कडेखाली, फळीवर. त्याच्या बरोबर वर काय? वस्तू घट्ट पकडून घासायचा लोखंडी शिकंजा. तिने शिकंज्याच्या दातांवरून फडकं फिरवलं. तेही चमकलं.

हा शिकंजा एकच माणूस वापरत होता. आणि शुक्रवारी दुपारी, जनरेटरचं काम संपल्यावर, त्याने शेडची किल्ली मागून घेतली होती. "थोडं काम हाय माहं," म्हणाला होता. तिच्या नजरेला नजर न देता.

इतका वेळ इंजिनची भीती होती. आता जी वाटली ती वेगळीच होती. *मी पह्यलेच म्हणत होतो, आपला हर्षलच बरा.* हे तर गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

नाही. तो असं करणार नाही… करेल? तिला त्याच्याबद्दल काय ठाऊक होतं? चार महिन्यांचे मंगळवार आणि शुक्रवार, एवढंच.

तिसऱ्या प्रहरी हर्षल आला. भाऊंच्या फोनने घाबरून आलेला, मोटरसायकल नीट उभीसुद्धा न करता.

"ऐका नं, काय झालं? भाऊ म्हणे इंजिन—"

रेवतीने फडकं पुढे धरलं.

त्याने ते उन्हात नेलं. आणि त्याचा चेहरा उतरत गेलेला तिने डोळ्यांनी पाहिला. पुस्तकात वाचून नाही, आवाज ऐकून नाही, स्वच्छ डोळ्यांनी.

"पितळ हाय," तो म्हणाला.

"कानशीने घासलेलं. तुमच्या शिकंज्याखाली माप होतं."

"हाव." तो म्हणाला. "म्या घासलं. शुक्रवारी. मापावर झाकण ठेवाचं राहून गेलं… म्या पाह्यलंच नाई खाली."

"का?" तिचा आवाज चढला. "इथे कसलं पितळ घासत होता तुम्ही? माझी नोकरी हवी होती तर सरळ मागायची! मी दिली असती!"

ते शब्द त्याला लागले, हे दिसलं. तो दोन पावलं मागे गेला. या खेपेला मागे बादली नव्हती, आणि कुणी हसलंही नाही.

"नोकरी?" तो म्हणाला. "तुमची?"

मग तो वळला आणि बाहेर गेला. रेवतीला वाटलं, गेला. पण तो मोटरसायकलच्या डिकीत काहीतरी शोधत होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात सुती चिंध्यांत गुंडाळलेली एक वस्तू होती. ती त्याने बाकावर ठेवली आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला.

रेवतीने चिंध्या सोडल्या. आत एक पाना होता. फिल्टरच्या झाकणाचा. पण कंपनीचा नव्हे. लांबट मानेचा, खोलात वळणारा, आणि त्याला पितळेची मूठ होती — घासून घासून गुळगुळीत केलेली, चार बोटांसाठी चार हलके खळगे असलेली. तिने तो हातात घेतला.

मूठ तिच्या तळव्यात बसली. अशी बसली, की हात आणि मूठ यांच्यात केस जायला जागा उरली नाही.

"हे…" ती म्हणाली. "माप कसं मिळालं तुम्हाला? माझ्या हाताचं?"

हर्षलने हनुवटीने दाराकडे खूण केली. पत्र्याच्या दारावर, कडीच्या थोडं वर, ऑइलचा एक जुना पंजा उमटला होता. ती रोज तिथेच हात टेकवून दार लोटत असे.

"सुतळीनं मोजला," तो म्हणाला. "एकेक बोट. तुम्ही जेवाले गेल्या होत्या तवा. घरी करत होतो, पर बाबा विचारत, म्हून शेवटचं घासाचं काम इथं केलं. तुमचे बोटं सोलतात रोज… मले पाह्यवत नाई."

सकाळपासून रेवतीला तीनदा धक्का बसला होता, आणि हा सगळ्यात मोठा होता. कुणीतरी आपल्या बोटांचं माप घेतलं, आणि आपण जेवत होतो.

"मी भाऊले सांगतो," हर्षल म्हणाला, आणि तिने काही म्हणायच्या आत निघालाही.

ती त्याच्या मागे गेली, पण कचेरीच्या दाराबाहेरच थबकली. आतून आवाज येत होते.

"तुह्या हातचं? इंजिनात पितळ?" शालिग्रामभाऊ ओरडले. "अन् पितळ काऊन घासून राह्यला होता बे माह्या शेडात?"

"ते नाई सांगता येणार, भाऊ."

"काऊन नाई सांगता येणार?"

रेवतीच्या डांगरीच्या खिशात पाना होता. आत जायचं, तो टेबलावर ठेवायचा, दोन वाक्यं बोलायची. तिचा हात खिशाशी गेला. आणि तिथेच राहिला. भाऊ, झुंबरबाई, धक्क्यावरचे चार लोक — सगळे ऐकतील. बुलढाण्यापर्यंत जाईल. बाबांपर्यंत जाईल.

"मंग उद्यापासून इकडं पाय टाकू नको!"

"बरं," हर्षल म्हणाला. तो बाहेर आला, तिच्याजवळून गेला, आणि तिच्याकडे पाहून ओझरतं हसलासुद्धा. आता तुमचं काम वाचलं, अशा अर्थाचं. मोटरसायकलचा आवाज बंधाऱ्यावरून लांब जात विरला.

झुंबरबाईने तिच्यापुढे चहा ठेवला आणि काहीच म्हटलं नाही. झुंबरबाई काहीच म्हणत नाही, याचाच रेवतीला धसका बसला.

मंगळवारी सकाळी शालिग्रामभाऊंनी तिला खुशीत बोलावलं. "मॅडम, तुम्ही पास! तुमच्या भिंगानं वाचवलं. आता ऑइल बदला, अन् विसर्जनाले चालवा झोकात. त्या पोट्ट्याचा मले भरवसाच नव्हता—"

रेवतीने खिशातून पाना काढला आणि टेबलावर ठेवला. पितळेची मूठ वहीच्या पानावर चमकली.

"हे माझ्यासाठी बनवत होते ते," ती म्हणाली. "माझी बोटं सोलतात म्हणून. माप उघडं राहिलं ही त्यांची चूक. पण मापात न बघता मी ऑइल ओतलं, ही माझी. माझ्या हातात फडकं होतं, भाऊ. मी ते मापाच्या आत फिरवलं नाही. वहीत लिहिते तसं. आणि काढायचं असेल, तर दोघांना काढा."

भाऊंनी पाना उचलला. आपल्या रुंद पंजात धरून पाहिला. तो बसेना. त्यांनी तो तिच्या हाताशी नेऊन बघितला, मग तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"म्हंजे…" ते म्हणाले, "हे प्रकरण इंजिनचं नव्हतंच!"

बाहेर झुंबरबाईच्या हातून काहीतरी खळ्ळकन पडलं.

"आधी यंत्र चालवून दाखव पोरी," भाऊ म्हणाले. मॅडमची पोरी कधी झाली, हे त्यांनाही कळलं नाही. "ऑइल साफ निघालं, त बोलू. नाई निघालं, त दोघं बी घरी."

तिने नवीन ऑइल भरलं, नवा फिल्टर बसवला, दहा मिनिटं चालवून सगळं पुन्हा ओढून काढलं. पुन्हा नवं. मधून भुरभुर पाऊस येत होता आणि जात होता. नव्या पान्याने फिल्टरचं झाकण एका वळणात सुटलं. बोटाला ओरखडाही आला नाही, आणि तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बुधवारी ती तासभर धरणभर फिरली. इंजिन एकसुरात गात होतं. पण आवाजाचं तिला कळत नव्हतं, ते कळणारा माणूस नव्हता. परत आल्यावर तिने फिल्टर बाहेर काढला. कापायला ब्लेड हातात घेतलं… आणि ठेवून दिलं. जेवणाचा डबा रिकामा करून तिने फिल्टर त्यात ठेवला, झाकण लावलं, आणि स्कूटीची किल्ली घेतली.

"कुठी निघाली?" भाऊंनी विचारलं.

"धामणगावला. ते इथे येऊ शकत नाहीत ना. तुम्हीच सांगितलंय."

हर्षलचा कारखाना म्हणजे रस्त्याला लागून पत्र्याचं छप्पर, तीन उघडे ट्रॅक्टर, आणि एका खाटेवर त्याचे वडील किसनराव. उभा जन्म डिझेल इंजिनाशेजारी गेल्याने त्यांना फार कमी ऐकू येई. डांगरी घातलेली मुलगी डबा घेऊन सरळ आत आलेली पाहून समोरच्या पानटपरीवरची चार माणसं बोलायची थांबली. हर्षलच्या हातून पाना सुटून ट्रॅक्टरच्या पायदानावर आदळला.

"तुम्ही? इथं?"

"फिल्टर आणलाय," रेवती म्हणाली. "कापा."

"म्या?"

"पितळ तुमचं होतं."

त्याने हात पुसले. एकदा, दोनदा, तीनदा. ब्लेड घेतलं. कागद उलगडायला घेतला. तिने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तो घडीघडीने उन्हात ताणला. ऑइलचा ओला मधाळ रंग, आणि बाकी काही नाही. तिने भिंग दिलं. त्याने एकेक घडी पाहिली, मग तिने पाहिली. एकही ठिणगी नव्हती.

"साफ हाय," तो म्हणाला. श्वास सोडला. "विसर्जनाले चालन."

"भाऊंना मी सगळं सांगितलं. पान्याचंही."

तो दचकला. "काऊन सांगतलं? चूप राहाचं होतं. तुमची नोकरी गेली असती तं?"

"आणि तुमची गेली, ती?"

"माह्याजवळ ट्रॅक्टर हायत तीन."

"माझ्याजवळ काय होतं मग?" ती चिडून म्हणाली. "नोकरी गेली असती, तर माझ्याजवळ काय राहिलं असतं?"

"मी हाय नं," हर्षल म्हणाला.

त्याला ते म्हणायचं नव्हतं. निदान असं नाही, इथे नाही, फिल्टरचा कागद दोघांच्या मध्ये ताणलेला असताना नाही. कागदाचं टोक तिच्या हातून सुटलं, ऑइलचा एक थेंब तिच्या बुटावर पडला.

"पुन्हा म्हणा," ती अगदी हळू म्हणाली.

"नाई जमणार," तो त्याहून हळू म्हणाला. "पर… खरं हाय."

तिने काळ्या बोटांनी त्याच्या काळ्या बोटांना नुसता स्पर्श केला. क्षणभर.

"कोण हाय बे ते पोट्टी?" किसनरावांनी खाटेवरून खणखणीत आवाजात विचारलं.

हर्षल काहीतरी म्हणाला. "आं?" किसनराव म्हणाले. तो पुन्हा म्हणाला. "आं?"

तेवढ्यात आतून त्याची आई तानुबाई चहाचे कप घेऊन बाहेर आली. ती किती वेळ दाराआड उभी होती, कोण जाणे. तिने रेवतीला खालीवर पाहिलं, ऑइलचे हात पाहिले, ओले डोळे पाहिले, आणि कप पुढे करत सरळ विचारलं, "पोरी, घरी कोण कोण हाय तुह्या?"

हा प्रश्न कशाचा असतो, हे त्या चारही जणांना माहीत होतं. पानटपरीवरच्या चौघांनाही.

"वडील आहेत," रेवती म्हणाली. "बुलढाण्याला. मला परत बोलावणार होते, पण काल मी फोनवर सगळं सांगितलं, आता नाही बोलावणार. ते स्वतःच यायचे म्हणतात, यंत्र बघायला."

"त्यांनी काऊन याचं?" हर्षल म्हणाला. तो बोलतोय याचं त्यालाच आश्चर्य वाटत होतं, पण आता थांबणं जमत नव्हतं. "बाबा, आपण जाऊ बुलढाण्याले. विसर्जन झालं की. तुम्ही, माय अन् मी. मले ह्यांच्या वडलाईले भेटाचं हाय!"

पलीकडच्या गल्लीतल्या कुत्र्यानेही मान वर केली, इतक्या मोठ्याने तो हे म्हणाला.

किसनरावांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"मंग धोतर धुवाले टाक माहं," ते तानुबाईला म्हणाले. या वेळी त्यांना काहीच दुसऱ्यांदा विचारावं लागलं नव्हतं.